३६ इंची घडीचा तारेचा क्रेट: दत्तक आणलेल्या दांडग्या कुत्र्यासाठी

क्रेट म्हणजे कुत्र्यासाठीचा तारेच्या जाळीचा, घडी होणारा पिंजरा. आधीच सांगतो, घ्यावा. पण कुत्र्याला कोंडायला नव्हे, त्याला झोपायला शिकवायला. आठ-दहा महिन्यांचं कुत्रं नव्या घरात आलं की प्रत्येक आवाजाला उठतं, दाराशी धावतं आणि दिवसभर डोळा लावत नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालाही दिवसाला बारा-चौदा तास झोप लागते. ती मिळाली नाही की संध्याकाळी घरभर धिंगाणा आणि हातापायांना चावे सुरू होतात. लोकांना वाटतं, त्याला व्यायाम कमी पडतोय. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती झोप.

माप वजनावरून घेऊ नका, टेपने घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी अधिक दहा सेंटीमीटर, आणि बसलेल्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंतची उंची अधिक तेवढीच. कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत मोजा. ३६ इंची क्रेटची लांबी साधारण ९१ सेंटीमीटर भरते, मध्यम बांध्याच्या कुत्र्याला ती पुरते. कुत्रं अजून वाढायचं असेल तर मधली सरकती जाळी असलेलाच घ्या. जागा फार मोठी असली की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं.

जोडायला अवजार लागत नाही. तळ सपाट ठेवायचा, लांब बाजू उभ्या करायच्या, मग आखूड बाजू वर घेऊन कोपऱ्यांतले आकडे अडकवायचे. चारही आकडे पूर्ण बसलेत ना, हे हाताने हलवून बघा. एक सुटा राहिला तर अंग घासून कुत्रं तो कोपरा वाकवतं आणि त्या फटीत डोकं घालतं. दाराला वर-खाली दोन कड्या असलेलंच मॉडेल घ्या. एकच कडी असेल तर दाराचा खालचा कोपरा पंजाने बाहेर ढकलला जातो.

सगळ्यात कच्चा भाग म्हणजे प्लॅस्टिकचा ट्रे. तो तारांवर खडखडतो आणि बुजऱ्या कुत्र्याला तो आवाज पुरतो. ट्रेखाली जुना टॉवेल दुहेरी घालून अंथरला की आवाज जातो. ट्रे अडवणारी पट्टी नसेल तर कुत्रं उकरून उकरून ट्रे बाहेर सरकवतं, म्हणून ती बघूनच पैसे द्या.

सवय लावताना पहिल्या दिवशी दार दोरीने मागे बांधून टाका. आत शिरताना दार ढुंगणावर आपटलं तर पुढचे चार दिवस वाया गेले समजा. जेवणाचं भांडं आधी उंबऱ्याशी ठेवा, मग दर जेवणाला वीतभर आत सरकवा. चारही पाय आत ठेवून ते निवांत जेवू लागलं की जेवताना दार लावा आणि भांडं रिकामं व्हायच्या आत उघडा. मग दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. वेळ सतत वाढवत नेऊ नका, मधूनच पुन्हा दहा सेकंदांवर या. पाच मिनिटं जमली म्हणून लगेच तासभर बाहेर जाणं, इथेच बहुतेकांचं गाडं फसतं. तुम्ही समोर असणं आणि दिसेनासे होणं या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीची सुरुवात पुन्हा सेकंदांपासूनच करावी लागते.

आत पाठवण्याआधी वीस-तीस मिनिटं सैल पट्ट्यावर हुंगत फिरवा, दहा मिनिटं शांत होऊ द्या, मग चघळायला भरीव रबरी खेळणं द्या. चेंडूमागे पळवून थेट आत घातलेलं कुत्रं धापा टाकत उभंच राहतं. गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दर वेळी काढा. पट्ट्याची कडी तारेत अडकून गळफास बसू शकतो. पहिल्या रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारीच हवा. दिवसा मात्र सलग तीन-चार तासांच्या वर नको.

थोडं कुरकुरणं चालतं. पण लाळेने छाती भिजली, तारा चावल्या, नखं सोलली, तर ती घाबरगुंडी आहे. ‘रडून गप्प होईल’ म्हणत वाट बघू नका. तारा चावणाऱ्या कुत्र्याच्या सुळ्यांची मागची बाजू झिजते आणि पुढे सुळा तुटतो. एकटं राहायलाच घाबरणाऱ्या कुत्र्याला हा क्रेट देऊ नका. त्याला खोलीच्या दाराला लावायचं फाटक आणि पशुवैद्यकाचा सल्ला लागेल.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो ट्रेसाठी.