यंत्रमागाच्या कारखान्यात केडीई कनेक्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टर्किश टॉवेलच्या कारखान्यात माग सुरू असले की टेबलावरच्या फोनची रिंगसुद्धा ऐकू येत नाही. गिऱ्हाइकाचा मेसेज, ट्रान्सपोर्टवाल्याचा कॉल किंवा ई-वे बिल पोर्टलचा ओटीपी टॅली चालू असलेल्या संगणकाच्याच पडद्यावर दिसावा, एवढ्यासाठी आम्ही केडीई कनेक्ट हे फोन आणि संगणक जोडणारे मोफत ॲप घेतले आणि ओटीपीचा अपवाद सोडला तर त्या कामाला ते पुरेपूर उतरले.

या ॲपला कोणतेही खाते उघडावे लागत नाही. अशाच कामाच्या मायक्रोसॉफ्टच्या फोन लिंक या ॲपला मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि गुगल मेसेजेसच्या वेब आवृत्तीत फक्त मेसेज दिसतात. केडीई कनेक्ट मात्र फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर असले की थेट एकमेकांशी बोलते, मजकूर कूटबद्ध करूनच पाठवते आणि ब्रॉडबँड बंद पडले तरी राउटरला वीज असेपर्यंत काम करत राहते. जोडणी करताना दोन्ही पडद्यांवर एकच पडताळणी-किल्ली दिसते. ती जुळवून पाहूनच होकार द्यावा.

जोडणीत अडचण येते ती बहुधा नेटवर्कची. विंडोजच्या फायरवॉलमध्ये 1714 ते 1764 हे पोर्ट (नेटवर्कवरून ये-जा करण्याचे क्रमांकित मार्ग) खुले नसतील, किंवा फोन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असेल, तर दोन्ही उपकरणे शेजारी-शेजारी असूनही एकमेकांना दिसत नाहीत. शिवाय काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप परस्पर बंद करतात, म्हणून बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपला सूट देणे आवश्यक आहे.

एकदा बसले की वापर सोपा आहे. कॉल आला की नाव कोपऱ्यात झळकते, व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशनला संगणकाच्या कीबोर्डवरूनच उत्तर देता येते, आणि तेलुगू किंवा कन्नड मेसेजही नीट वाचता येतात, जे आमच्या सोलापुरात अगदी रोजचे आहे. टॉवेलच्या गठ्ठ्यांखाली गेलेला फोन सायलेंटवर असला तरी संगणकावरून वाजवता येतो, ही सोय आमच्या दिवाणजींना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आवडते.

ओटीपीच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. अँड्रॉइड 15 पासून ओटीपी असलेल्या नोटिफिकेशनचा मजकूर अशा ॲपपासून झाकला जातो, त्यामुळे तो आकडा ॲपच्या एसएमएस खिडकीत जाऊन पाहावा लागतो. फोनवर कॉपी केलेला मजकूरही अँड्रॉइड 10 पासून आपोआप संगणकावर येत नाही. प्रत्येक वेळी फोनवरच्या नोटिफिकेशनमधील बटण दाबावे लागते. हे निर्बंध अँड्रॉइडचे आहेत आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला ते योग्यच वाटतात, पण कामाच्या घाईत खटकतात. आरसीएस चॅट, म्हणजे एसएमएसऐवजी इंटरनेटवरून जाणारे मेसेज, तर एसएमएस खिडकीत येतच नाहीत.

एकच संगणक चौघे जण वापरत असतील, तर कोणत्या ॲपची नोटिफिकेशन पाठवायची हे आधी निवडावे आणि बँकेचा नंबर ज्या फोनमध्ये आहे, त्याला एसएमएसची परवानगी देऊच नये. आम्ही त्यासाठी कारखान्याचा वेगळा फोन ठेवला आहे. आयफोनवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये, कारण आयफोनवरील केडीई कनेक्ट फोनची नोटिफिकेशन किंवा मेसेज संगणकावर पाठवू शकत नाही.