घर कुठे घ्यावं: हिंदू कॉलनी की घोडबंदर रोड?

1896 च्या प्लेगनंतर मुंबई शहर सुधारण्यासाठी 1898 साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा आखलं. तिथल्या हिंदू कॉलनीत एक गल्ली खोदलेली असली तर शेजारच्या गल्लीतून जा. पाच मिनिटांत दादर स्टेशन. गल्ल्या एकमेकींना भेटतात, म्हणून गर्दी विभागली जाते. पार्किंगची बोंब आहेच म्हणा.

मुंबई ठाण्यापलीकडे पसरली, तेव्हा घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले. एका बाजूला नॅशनल पार्कचा डोंगर, दुसरीकडे खाडी, मधे एकच मोठा रस्ता. समोरच्या सोसायटीतल्या मावशीकडे डबा द्यायचा तरी वळसा! घर मोठं मिळतं, कबूल. पण रोज लोकल पकडायची असेल, तर मी दादरची खोलीच घेईन.