‘सर, त्वचेला तीन आठवडे द्या’

वीस वर्षं ब्रश, फेस आणि ब्लेड यांच्याशी माझा संसार नीट चालला होता. मग गळ्यावर, कंठमण्याच्या खाली, केस आत वळून फोड यायला लागले. ब्लेड केस अगदी त्वचेलगत कापतं, आणि केस वळणारा असेल तर त्याचं टोक उगवता उगवता पुन्हा त्वचेत घुसतं. इलेक्ट्रिक शेव्हर थोडासा खुंट ठेवतो म्हणून हा त्रास कमी होतो, असं त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे हा बदल हौसेचा नव्हता. आधीच सांगून टाकतो, कारण ‘कशाला हवं होतं ते नसतं खूळ’ हे मी पुरेसं ऐकून घेतलंय.

घ्यायच्या आधी आठवडाभर वाचत बसलो होतो. गोल फिरणाऱ्या डोक्यांचं मशीन की सरळ जाळीचं, मग जाळीचंच, मग कुठलं मॉडेल. ते ठरलं आणि शोधताना तेच मॉडेल एके ठिकाणी मूळ किमतीच्या जवळपास एक तृतीयांशात दिसलं. विक्रेत्याचं नाव कधी न ऐकलेलं, पण पान बड्या ऑनलाइन बाजाराचं. फोटो कंपनीचेच. खाली हजारो अभिप्राय, साडेचार तारे. मी वरचे तीन-चार वाचले, ‘उत्तम वस्तू, वेळेत मिळाली’ छापाचे, आणि पैसे भरून मोकळा झालो.

आता फसवणुकीचा गाभा ऐका. ब्लेडवरून शेव्हरवर येताना त्वचेला आणि केसांना सरावायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. बनवणाऱ्या कंपन्याच हे सांगतात आणि ते खरं आहे. सुरुवातीला थोडी लाली, थोडी आग, दाढी तितकी गुळगुळीत नाही, हे सगळं चालायचंच. मी हे वाचून बसलो होतो. माझ्या विक्रेत्यालाही ते पक्कं ठाऊक होतं. आणि वस्तू परत करायची मुदत होती दहा दिवसांची.

पहिल्या दिवशी मशीन चालू केलं तर घरघर अशी की बाथरूमच्या दाराबाहेरून ‘काय चाललंय?’ अशी विचारणा झाली. गाल कसाबसा झाला. हनुवटीखाली मात्र केस कापले जायच्या आधी चिमटीत धरून ओढल्यासारखे वाटत होते. डोळ्यांत पाणी आलं. विक्रेत्याला लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर: ‘सर, नवीन आहे. त्वचेला तीन आठवडे द्या.’

चौथ्या दिवशी जाळी एवढी तापली की गालाला चटका बसला. ‘सर, तोंड धुवायच्या आधी करा. ओल्या त्वचेवर जाळी अडखळते.’ सातव्या दिवशी गळ्यावर लाल पट्टे. ‘सर, एक दिवस आड करता का? रोज करा, वाढलेले केस ओढले जातात. आणि दाबू नका.’ नवव्या दिवशी: ‘सर, एका हाताने त्वचा ताणून धरा, मशीन काटकोनात ठेवा.’

यातला एकही सल्ला खोटा नाही. कोरडी दाढी करायची तर केस कोरडे आणि ताठ असलेले बरे. फेसाच्या दाढीत आपण केस भिजवून मऊ करतो, त्याच्या हे अगदी उलट. लांब केस जाळीच्या भोकात नीट शिरत नाहीत हेही खरं. म्हणून तर मी प्रत्येक वेळी स्वतःलाच दोष दिला. हात बसला नाही, सवय नाही, घाई केली. दहावा दिवस कधी उलटला ते कळलंही नाही. बाविसाव्या दिवशी ‘आता तीन आठवडे झाले’ म्हणून लिहिलं. निरोप वाचल्याची खूण दिसली, पण उत्तर आलं नाही.

मग एका मित्राकडे तेच मॉडेल आहे हे आठवलं. त्याचं मशीन आणि माझं शेजारी ठेवलं. लांबून सख्खे भाऊ. हातात घेतल्यावरही वजन तेवढंच. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून जाळ्या बघितल्या तेव्हा मात्र घोळ उघडा पडला. त्याच्या जाळीची भोकं वेगवेगळ्या आकारांची, कडा स्वच्छ. माझ्या जाळीची सगळी भोकं एका साच्यातली, आणि बऱ्याच भोकांच्या कडेला धातूचा बारीक काटा उभा. नखावरून फिरवली तर ओरखडा उठला. हे मी तीन आठवडे गळ्यावर घासत होतो!

जाळीचं एवढं महत्त्व का, तर या यंत्राचं तत्त्व फारसं बदललेलंच नाही. जेकब शिक यांना १९३० मध्ये ज्या इलेक्ट्रिक रेझरचं पेटंट मिळालं, त्यातही बाहेर फटींचं स्थिर डोकं आणि आत सरकणारं पातं असंच होतं. बाहेरच्या भागाची जाडी जेवढी, तेवढा खुंट राहणारच, कारण पातं त्याच्या मागे असतं. म्हणून चांगली जाळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असते. मोटर, दिवे, आकडे दाखवणारा पडदा यांची नक्कल करणं सोपं आहे. जाळीची आणि पात्याची कठीण, आणि नक्कल करणारा पैसे वाचवतो तो तिथेच.

घरी येऊन मशीन उघडलं. आत एक किरकोळ बॅटरी आणि तिच्याशेजारी गोंदाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. तिचं काम काहीच नाही. हाताला वजन भरावं एवढंच. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाचं थोडं कौतुकही वाटलं. मशीनला वजन असावं लागतं, एवढा माझ्या मनाचा अभ्यास त्याने केला होता.

त्याहून वाईट गोष्ट मला सर्व्हिस सेंटरमध्ये समजली. खोक्यावर ‘पाण्यात चालेल’ असं छापलेलं. ओल्या-कोरड्या दोन्ही दाढीची बहुतेक मशीनं चार्जरची वायर जोडलेली असताना मुद्दाम चालू होत नाहीत. ओल्या हातात विजेला जोडलेलं यंत्र असू नये म्हणून. माझं वायरवर झकास चालत होतं, आणि मी त्याला सोय समजत होतो. नळाखाली धुतल्यावर पडद्याच्या आत वाफ साचायची, तीही मी पुसायचा प्रयत्न करत होतो, बाहेरून. तिथल्या मुलीने अनुक्रमांक टाकून बघितला. तो आधीच दुसऱ्याच्या नावावर नोंदलेला होता. ‘असे बरेच येतात,’ ती म्हणाली, आणि बनावट असल्याचं लेखी दिलं.

तो कागद जोडून ऑनलाइन बाजाराकडे तक्रार केली. पहिलं उत्तर ठरलेलं: मुदत संपली. मी पुन्हा लिहिलं की ही वस्तू नापसंत पडल्याची तक्रार नाही, बनावट माल विकल्याची आहे, आणि ती वेगळ्या विभागात नोंदवा. कार्डाच्या बँकेतही वाद नोंदवला. पैसे परत मिळाले, पण दोन महिन्यांनी आणि कागद होता म्हणून. विक्रेत्याशी झालेलं बोलणं मी पुसलं नव्हतं, त्याचाही उपयोग झाला.

कुणी नवा शेव्हर घेतलाच असेल तर एक फरक ध्यानात ठेवा: सरावाची लाली दिवसागणिक कमी होत जाते. केस उपटल्यासारखे ओढले जाणं, जाळीचा चटका बसणं, ओरखडे उठणं हे सरावाचं लक्षण नाही. पहिल्याच आठवड्यात मशीन परत करा. अनुक्रमांक खोकं उघडल्या दिवशीच कंपनीकडे नोंदवून बघा. मी तो बाविसाव्या दिवसानंतर बघितला. मशीन वायर लावून चालतंय का तेही बघा, पण कोरड्या हाताने.

आणि अभिप्राय शेवटपर्यंत वाचा. मी पैसे गेल्यावर वाचले. तिसऱ्या पानापासून लोक लिहीत होते: ‘फोनला एकदम फिट बसलं’, ‘रंग फोटोसारखाच आहे’, ‘कॅमेऱ्याजवळ थोडं सैल आहे’. त्या पानावर आधी मोबाइलची कव्हरं विकली जात होती. तारे कव्हरांनी कमावलेले, त्यावर शेव्हर आणून बसवला.

मीही तिथे एक तारा देऊन सगळी हकीकत सविस्तर लिहिली, जाळीच्या फोटोसकट. परवा ती अजून आहे का म्हणून बघायला गेलो. आहे. पण त्या पानावर आता छत्र्या मिळतात, आणि माझ्या हकिकतीखाली कुणीतरी विचारलंय की हिची मूठ लाकडी आहे का.