भेट आलेला हातघडणीचा ब्रायर पाइप: पेटवण्याआधी काय तपासलं, काय आवडलं, काय खटकलं

सुती पिशवीत तंबाखू ओढायचा एक बाकदार पाइप, एवढंच. दांडीच्या खालच्या अंगाला कारागिराची खूण कोरलेली आहे. माहितीपत्रक नाही, मापं नाहीत, लाकूड कोणतं तेही लिहिलेलं नाही. ध्यानीमनी नसताना भेट आलेल्या पाइपचं हे असंच असतं. विकत घेणारा दहा प्रश्न विचारून घेतो, भेट मिळालेल्याला सगळी उत्तरं वस्तूकडूनच काढून घ्यावी लागतात. हातघडणीच्या पाइपमधून ती निघतातही, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. पॉलिशखाली बरंच काही लपतं. भोक आणि सांधा यांत काही लपवता येत नाही. म्हणून काडी ओढण्याआधीचा अर्धा तास महत्त्वाचा.

आधी लाकूड. बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, बाजूंवर खालून वर जाणाऱ्या बारीक, सलग रेषा आणि वरच्या काठावर व तळाला टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले, की ब्रायर ओळखायला अडचण पडत नाही. एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप भूमध्य समुद्राच्या काठाने वाढतं. त्याच्या खोडाच्या बुडाशी, मुळांच्या वर जी गाठ धरते ती म्हणजे ब्रायर. फ्रेंचमधल्या ‘ब्रुयेर’वरून हे नाव आलं, आणि फ्रान्समधलं सेंट-क्लोद हे गाव १९व्या शतकाच्या मध्यापासून या लाकडाच्या पाइपसाठी ओळखलं जातं. गाठ घट्ट असते, उष्णता सोसते, ओलावा शोषते आणि पुन्हा सोडते. मात्र ती कच्ची वापरता येत नाही. तुकडे पाडून तासन्‌तास उकळतात, म्हणजे आतला रस आणि टॅनिन (तुरट द्रव्य) निघून जातं. मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, सावकाश वाळवतात. हे नीट झालं नसेल तर पहिल्या काही वेळा धुराला तुरट, हिरव्या लाकडाची चव येते. या पाइपमध्ये ती आली नाही.

रेषा उभ्या आणि काठावर ठिपके, याचा अर्थ तुकडा गाठीच्या बाहेरच्या भागातून घेतलेला आहे आणि आकार रेषांच्या दिशेने कोरला आहे. यंत्रावर एकसारखे पाइप काढताना आकार आधी ठरतो आणि लाकूड त्यात बसवलं जातं. इथे लाकूड पाहून आकार ठरवलेला दिसतो. काठावर सालीखालचा खडबडीत पृष्ठभाग तसाच ठेवला आहे. दिसायला तो फार सुंदर आहे, पण वापरणाऱ्याला थोडा त्रासदायकही. त्याविषयी पुढे.

आता लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी. लाकडातल्या बारीक खड्ड्यांत भरलेली लांबी शोधायची असेल तर पाइप खिडकीच्या तिरप्या उजेडात सावकाश फिरवायचा. आजूबाजूला रेषा चालू असताना मध्येच रेषा नसलेला, सपाट रंगाचा ठिपका दिसला की ती लांबी. ब्रायरमध्ये खड्डे असणं हा दोष नव्हे, ते नैसर्गिक आहेत. पण भिंतीत खोल गेलेला खड्डा लांबीने झाकला असेल, तर तिथे भिंत पातळ राहते आणि एक दिवस तिथूनच जळते. या पाइपवर दांडीच्या बाजूला दोन सुईएवढे खड्डे आहेत आणि ते उघडेच ठेवले आहेत. हे मला आवडलं. दांडीवरच्या खड्ड्याला आगीची झळ लागत नाही, मग तो बुजवून फसवण्यात अर्थ नाही.

मापं व्हर्नियरने घेतली. पाइपची एकूण लांबी १४२ मिमी, बाऊलची उंची ४७ मिमी, आतला व्यास १९.५ मिमी, खोली ३८ मिमी, वजन ४६ ग्रॅम. भिंत सगळीकडे साडेआठ ते नऊ मिमी आणि तळही ९ मिमी. भिंत पाच-सहा मिमीच्या खाली गेली तर पाइप हातात धरवत नाही. बारा-तेराच्या वर गेली तर वजन वाढतं आणि दातांत धरणं जड जातं. ४६ ग्रॅम म्हणजे अगदी हलका नाही. पण बाक असल्यामुळे बाऊल हनुवटीच्या जवळ लोंबतो आणि दातांवरचा ताण कमी होतो. याच वजनाचा सरळ पाइप दहा मिनिटांत जबडा दुखवतो. १९.५ बाय ३८ मध्ये तंबाखू नीट भरला आणि घाई केली नाही, तर पाऊण तास ते तास सहज चालतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो धुराच्या भोकाला. तोंडात धरायची नळी काढून दांडीतून पाइप क्लीनर (धागे गुंडाळलेली लवचीक तार) आत सरकवायचा आणि वरून बाऊलमध्ये टॉर्च मारून तो नेमका कुठे बाहेर येतो ते बघायचं. तो तळाच्या बरोबर मध्यावर, तळाला टेकून आला पाहिजे. भोक वर असेल तर त्याच्या खालचा तंबाखू जळत नाही. प्रत्येक वेळी तळाला ओला, काळा लगदा उरतो आणि तिथे लाकूड वाचवणारा काजळीचा थरही धरत नाही. भोक तळाच्याही खाली उतरलं असेल तर ड्रिलने तळात चर पडलेली असते आणि तिथे लाकूड पातळ होतं. बाकदार पाइपमध्ये ड्रिलचा कोन साधणं अवघड असल्यामुळे ही चूक वारंवार होते. इथे भोक मध्यावर आहे, ४ मिमी रुंद आहे, आणि तळापासून जेमतेम १ मिमी वर. तेवढं चालतं. शेवटी चिमूटभर राख-तंबाखू उरतो, लगदा होत नाही. रिकाम्या पाइपमधून हवा ओढल्यावर शिट्टीही वाजत नाही. शिट्टी वाजली की समजायचं, वाटेत कुठेतरी भोक अचानक अरुंद झालंय.

खटकलं ते सांध्यात. नळीच्या टोकाची खुंटी दांडीच्या खोबणीत बसते. बाहेरून सांधा इतका चोख आहे की नख अडकत नाही, आणि उजेडासमोर धरला तरी फट दिसत नाही. पण खोबण आतून १९ मिमी खोल आहे आणि खुंटी १६.५ मिमी लांब. म्हणजे आत अडीच मिमीची मोकळी खोली राहिली. (हे कुणालाही मोजता येतं: व्हर्नियरच्या मागची खोली मोजायची पट्टी खोबणीत सोडायची, मग खुंटीची लांबी मोजायची आणि वजाबाकी करायची. व्हर्नियर नसेल तर काडीवर खूण करूनही जमतं.) अरुंद वाटेतून आलेला धूर या मोकळ्या जागेत पसरतो, थंड होतो, आणि त्यातली वाफ तिथेच पाणी होऊन साचते. अर्ध्या बाऊलनंतर जी गुडगुड ऐकू येते ती हीच. कारागिराचं बाकी काम पाहता ही ढिलाई अनपेक्षित आहे. पाऊण-एक मिमीची फट समजू शकते, कारण लाकूड ओलाव्याने फुगतं आणि खुंटी तळाला टेकून सांधा उघडू नये म्हणून थोडी जागा सोडावी लागते. अडीच मिमी मात्र जास्त.

उपाय सोपा आहे. गुडगुड सुरू झाली की नळी न काढता क्लीनर आत घालायचा, दोन क्षण थांबून बाहेर काढायचा. या पाइपमध्ये क्लीनर बाकातून किंचित पिळून पुढे जातो, बाऊलपर्यंत पोचतो. बाकदार पाइपमध्ये ही मोठी जमेची बाजू, कारण क्लीनर जात नसेल तर दरवेळी नळी काढायचा मोह होतो, आणि गरम पाइपची नळी काढणं म्हणजे दांडी फोडण्याचा हमखास रस्ता. गरम असताना खुंटी फुगून घट्ट बसलेली असते, दांडीचं लाकूड ओलं असतं. एका हिसक्यात खुंटी तुटते नाहीतर दांडीला उभी चीर जाते. पाइप पूर्ण गार होऊ द्यायचा, मग बाऊल न धरता दांडी धरायची आणि नळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत काढायची. बसवतानाही तीच दिशा.

नळी एबोनाइटची आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. दातांना ते मऊ लागतं. अ‍ॅक्रिलिक जास्त टिकतं, चमक सोडत नाही, पण दातांखाली काचेसारखं वाटतं. दातांत धरायच्या कडेपाशी जाडी ४.१ मिमी आहे. पाचच्या पुढे गेली की तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं होतं, त्यामुळे इथे कारागिराला पूर्ण गुण. टोकाची चीर आतून नरसाळ्यासारखी उघडली आहे, कडा बोटाला टोचत नाहीत. यंत्राने काढलेल्या स्वस्त नळीत इथे नुसतं गोल भोक असतं आणि धूर जिभेवर एकाच जागी आदळतो.

एबोनाइटची खोड म्हणजे ऊन. उजेड आणि लाळ यांनी पृष्ठभागावरचं गंधक वर येतं, काळी नळी हिरवट-तपकिरी पडते आणि चव कडवट होते. वापर झाल्यावर सुक्या कापडाने पुसायची, महिन्यातून एकदा ऑलिव्ह तेलाचा हात फिरवायचा, आणि पाइप खिडकीत ठेवायचा नाही. हिरवी पडलीच तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायची. कढत पाण्यात टाकायची चूक करू नका. रंग आणखी उडतो आणि नळीचा बाकही उलगडू शकतो.

बाऊल आतून कोरा आहे, लेप नाही, रंगही नाही. काही कारागीर आत कोळशाच्या भुकटीचा लेप देतात, त्याने सुरुवातीचे दिवस सोपे जातात. पण आतली भिंत झाकलीही जाते. कोऱ्या बाऊलमध्ये लाकूड दिसतं, म्हणून मला कोराच बरा वाटतो. त्याची किंमत म्हणजे सुरुवातीचा संयम. पहिल्या चार-पाच वेळा बाऊल निम्मा ते दोन तृतीयांशच भरावा, म्हणजे विस्तव तळापर्यंत पोचतो आणि काजळीचा थर खालूनही धरतो. तंबाखू बोटांत दाबून सोडला की हळूहळू उलगडला पाहिजे. गोळा राहिला तर ओला आहे, चुरा झाला तर वाळलेला. पहिली चिमूट नुसती पडू द्यायची, दुसरी हलकी दाबायची, तिसरी थोडी जोरात. मग न पेटवता ओढून बघायचं. स्ट्रॉमधून पाणी ओढताना जेवढा अडथळा वाटतो तेवढा हवा. जास्त वाटला तर सगळं काढून पुन्हा भरायचं. वरून टोचत बसलं की आत पोकळ्या होतात.

पेटवताना काडीवरचं गंधक आधी जळू द्यायचं. ज्योत वर्तुळात फिरवली की तंबाखू फुगून वर येतो, तो टॅम्परच्या (तंबाखू दाबायच्या दट्ट्याच्या) वजनानेच दाबायचा, आणि मग दुसऱ्यांदा पेटवायचं. इथे त्या खडबडीत काठाची आठवण ठेवा. गुळगुळीत काठावरची काजळी ओल्या कापडाने निघते, या काठाच्या खाचांतून ती निघणार नाही. जेट लायटर तर या पाइपजवळ आणूच नये. ज्योत सरळ मध्यभागी धरायची, काठापासून आत.

बाऊल गालाला लावून बघायचा. चटका बसला तर पाइप ठेवून द्यायचा आणि विझू द्यायचा. विझणं ही चूक नाही, पुन्हा पेटवता येतो. भराभर ओढणं ही चूक आहे, विशेषतः वाऱ्यात. भिंतीवर बाहेरून एकाच जागी काळपट डाग उमटायला लागला तर तिथे लाकूड आतून जळतंय, तेव्हा थांबून कारागिराला दाखवावं. काजळीचा थर एक ते दीड मिमी पुरे. त्याहून जाड झाला तर तापल्यावर तो फुगतो आणि बाऊल तडकवतो. एकदा वापरला की निदान एक दिवस विश्रांती, राख काढताना बाऊल कशावरही आपटायचा नाही, आणि बाहेरच्या अंगाला अल्कोहोल लागू द्यायचं नाही, कारण लाखेचं फिनिश असेल तर ते जागच्या जागी विरघळतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. ओठ, तोंड, घसा यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे आणि निकोटीनची सवय लागतेच. जो ओढत नाही त्याने केवळ भेट आली म्हणून सुरू करू नये. हा पाइप न पेटवताही ठेवण्यासारखा आहे. स्टँडवर, उन्हापासून दूर, सहा महिन्यांतून एकदा कार्नौबा मेणाचा पातळ हात दिला तर त्या उभ्या रेषा गडद होत जातात. बुटांचं पॉलिश मात्र नको.

देणाऱ्याला कारागीर माहीत असेल, तर एकच विनंती त्याच्यापर्यंत पोचवावी: खुंटी दीड मिमीने लांब असलेली नळी बसवून द्या. खुंटीला जोड लावत बसू नये आणि खोबण रंधून कमी होत नाही, त्यामुळे नवी नळी हाच नीट मार्ग आहे. कोरीव काम, भोक, कड, सगळं आहे तसं राहू द्यावं. नळी बदलून येईपर्यंत शेजारी क्लीनरची जुडी ठेवायची आणि बाऊल अर्ध्यावर आला की एक आत सरकवायचा.