अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे उतरवून देणारी सेवा : एक अभिप्राय

जपानमधील आमागासाकी येथे अ‍ॅस्बेस्टॉस वापरणाऱ्या कारखान्यात कधीही काम न केलेल्या शेजारच्या रहिवाशांना अ‍ॅस्बेस्टॉसमुळे मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शिरल्यावर हा रोग अनेकदा ३०-४० वर्षांनी दिसतो, हे वाचल्यापासून आमच्या पडवीवरचे तडकलेले पत्रे मला अस्वस्थ करीत होते.

ठेकेदाराच्या माणसांनी पत्रे आधी पाण्याने भिजवले, हातोडा न चालवता बोल्ट सोडवले आणि अखंड पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले, याबद्दल मी समाधानी आहे. मात्र दोघा मजुरांच्या तोंडाला नुसता रुमाल होता, आणि इतके सूक्ष्म तंतू रुमालाने अडत नाहीत. त्यांना योग्य मास्क मिळेपर्यंत ही सेवा मी कोणालाही सुचवणार नाही.