काचेचा क्लेव्हेंजर संच: ओव्यासाठी बिनधास्त घ्या, तुळशीसाठी जरा थांबा

औषधी वनस्पतीतलं उडनशील तेल काढून जीसी-एमएसला (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला) पाठवायचं असेल, तर पहिली खरेदी क्लेव्हेंजरची, म्हणजे वनस्पती पाण्यात उकळून तेल वेगळं करणाऱ्या काचेच्या संचाची. १९२८ सालची ही रचना अजून फारशी बदललेली नाही. खाली एक लिटरचा गोल बुडाचा फ्लास्क, वर वाफेची नळी आणि कंडेन्सर, बाजूला खुणांची नळी, तिच्या तळाशी पाणी परत फ्लास्कात सोडणारी तिरपी नळी. हे परीक्षण फार्मसी कॉलेजांना सर्रास पुरवल्या जाणाऱ्या, हलक्या तेलासाठीच्या बोरोसिलिकेट संचाचं आहे.

काच चांगली आहे, सांधे घट्ट बसतात, तीन-चार तासांच्या उकळीत वाफ गळत नाही. तक्रार आहे ती खुणांच्या नळीबद्दल. बारीकात बारीक खूण ०.१ मिलीची. ओव्याला ती पुरते: ५० ग्रॅम दाण्यातून ३ टक्क्यांनी १.५ मिली तेल येतं, अर्ध्या खुणेची चूक झाली तरी फरक साधारण ३ टक्क्यांचा. तुळशीची ५० ग्रॅम वाळलेली पानं घ्या; अर्धा टक्का तेल धरलं तर हातात येतं ०.२५ मिली. तिथे तीच अर्धी खूण २० टक्क्यांची चूक करते. तुळस, गवती चहा असं काम जास्त असेल तर ०.०२ मिलीच्या खुणांची नळी आधीच मागून घ्यावी; नंतर वेगळी बसत नाही.

तुळशीचं आणखी एक दुखणं आहे. तिच्या तेलात युजेनॉल भरपूर असलं तर ते पाण्यापेक्षा जड, कॅरिओफिलिन मात्र हलकं. त्यामुळे तेल धड वर येत नाही, धड खाली जात नाही, थेंब काचेला चिकटून बसतात. शिवाय युजेनॉल थोडं पाण्यातही विरघळतं. यावर जुना उपाय झायलीनचा, हा हलका द्रव तेल आपल्यात ओढून वर ठेवतो: अर्धा मिली झायलीन नळीत टाकून आधी नुसतं पाणी उकळा, थंड झाल्यावर झायलीनचं माप टिपा, मग पानं घाला आणि शेवटच्या वाचनातून ते माप वजा करा. हे तेल टक्केवारीपुरतंच वापरा. जीसीसाठी झायलीनशिवाय दुसरी बॅच काढा आणि नळीला चिकटलेलं तेल हेक्झेनने (तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) धुऊन घ्या. वेखंडाचं तेल तर बुडतंच. या संचात ते तिरप्या नळीवाटे परत फ्लास्कात जातं आणि नळीत काहीच दिसत नाही. त्याला जड तेलाची वेगळी नळी लागते.

ओव्याची रीत सोपी. मोंढ्यातला माल जुना असू शकतो, म्हणून चोळून वास बघा. दाणे उकळीला लावायच्या वेळीच जाडसर कुटा. कुटून रात्रभर ठेवलेल्या ओव्यातून गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन हे घटक उडून जातात, मग अहवालात थायमॉल या मुख्य घटकाचा वाटा फुगलेला दिसतो. ५० ग्रॅमला ५०० मिली डिस्टिल्ड पाणी, उकळी शांत राहावी म्हणून चिनीमातीचे तुकडे आधीच टाका. उकळत्या फ्लास्कात ते टाकले की सगळं उसळून कंडेन्सरमध्ये चढतं. गार होऊन पडणाऱ्या पाण्याचा वेग मिनिटाला २ ते ३ मिली, वेळ ३ तास. मध्येच लाइट गेली तर घड्याळ थांबवा, पुन्हा उकळी आल्यावरच सुरू करा.

खरी अडचण थंड करणाऱ्या पाण्याची, आणि ती मराठवाड्यात या संचापेक्षाही मोठी आहे. नळाला जोडलं तर मिनिटाला एक लिटरने तीन तासांत १८० लिटर पाणी मोरीत जातं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे पटत नाही. बादलीत कूलरचा पंप टाकून पाणी फिरवा. मात्र बादली छोटी नको: मिनिटाला ३ मिली वाफ गार होताना जवळपास पावणेसात किलोज्यूल उष्णता सोडते. २० लिटरची बादली तीन तासांत १४-१५ अंशांनी तापते, १०० लिटरचा ड्रम जेमतेम ३ अंशांनी. मे महिन्यात टाकीचं पाणीच कोमट असतं, तेव्हा ड्रममध्ये बर्फ हवाच. कंडेन्सरच्या तोंडाशी ओव्याचा वास दरवळला तर खूश होऊ नका, तो तुमचा नमुना उडतोय.

बोअरचं जड पाणी फिरवलं तर कंडेन्सरच्या आत पांढरा थर चढतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. महिन्यातून एकदा लिंबूसताचं ५ टक्के द्रावण अर्धा तास फिरवलं की सुटतो. कंडेन्सर सुटा होणारा संचच घ्यावा, अखंड काचेचा फुटला की सगळाच जातो.

तोटी टेफ्लॉनची मागा. काचेच्या तोटीला सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं. ते तेलात उतरलं तर जीसी-एमएसमध्ये ७३, २०७, २८१ वस्तुमानाचे ग्रीसचे आगंतुक तुकडे दिसतात. १४९ दिसलं तर प्लॅस्टिकची नळी तपासा.

तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करून १० मायक्रोलिटर १ मिली हेक्झेनमध्ये पाठवा आणि लॅबला रिटेन्शन इंडेक्स (घटक कॉलममधून किती उशिरा बाहेर पडतो त्याचा आकडा) काढण्यासाठी अल्केनची मालिका चालवायला सांगा. थायमॉल आणि कार्वाक्रोल दोघांचं वस्तुमान १५०, मुख्य तुकडा १३५; यंत्रातली लायब्ररी, म्हणजे नोंदवलेल्या नमुन्यांचा संग्रह, दोघांनाही छान जुळवते. नेहमीच्या ५ टक्के फेनिल कॉलमवर रिटेन्शन इंडेक्स थायमॉलचा १२९० च्या आसपास, कार्वाक्रोलचा १३०० च्या जवळ. निवाडा तिथेच होतो.

फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी खडे दिसले तर ते ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉलच. बूच बंद ठेवून कोमट पाण्यात धरा, सगळं विरघळल्यावर हलवून मगच नमुना काढा. वरचं पातळ तेवढं ओढलं तर थायमॉल बाटलीतच राहतं आणि दोष ओव्याला लागतो.