पोलीस भरतीच्या ऑनलाइन डिप्लोम्यात माझे १९,९४९ रुपये गेले

हे लिहायला मला चार महिने लागले. माहेरी अजून कुणाला माहीत नाही. नवऱ्याला माहीत आहे, पण आकडा त्यालाही पूर्ण सांगितलेला नाही. तो इथेच लिहिते. नोंदणी ४९९, कोर्स ८,५००, डिप्लोम्याची परीक्षा फी ६,२००, 'सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन' ४,७५०. यातले ६,२०० बचत गटातून उचललेले आहेत आणि त्यांचा हप्ता अजून चालू आहे.

मी अडाणी नाही, बी.ए. आहे. पण मुलगी दोन वर्षांची. तिला टाकून पुण्याच्या अकॅडमीत राहणं जमणार नव्हतं. वय २७, खुला प्रवर्ग, मर्यादा २८. म्हणून घरबसल्या शिकायचं ठरवलं, त्यात माझं काय चुकलं? वर ऑनलाइन अकॅडमीवाल्यांनी सांगितलं की 'पोलीस प्रशासन' हा ऑनलाइन डिप्लोमा केला की मेरिटमध्ये १० गुण जादा. मी कुणाला चिरीमिरी देऊन नोकरी विकत घेत नव्हते. शिकून मिळणारे गुण आहेत असंच मला वाटलं.

चौथ्या क्लासची ती संध्याकाळ डोक्यातून जातच नाही. सर मैदानी चाचणी शिकवत होते. म्हणाले, "मुलींना १६०० मीटर, आणि गोळा सव्वासात किलोचा." अहो, १६०० मीटर मुलांना असतं! मुलींना ८०० मीटर आणि गोळा ४ किलोचा. मी रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर ८०० मीटरच पळत होते. चॅटमध्ये "सर, मुलींना ८०० ना?" असं लिहिलंसुद्धा, आणि खोडलं. वाटलं, नियम बदलला असेल, उगाच सगळ्यांसमोर आपलं हसं कशाला? ज्याला मैदान माहीत नाही तो भरती काय शिकवणार? तेव्हा माझे फक्त ८,९९९ गेले होते. बाकीचे १०,९५० मी त्यानंतर भरले, तेही एका बाईच्या खासगी खात्यावर. संस्थेचं खातं का नाही, हे विचारा. मी विचारलं नाही.

भरतीचा अर्ज सुटला तेव्हा कळलं. त्यात या डिप्लोम्यासाठी रकानाच नव्हता. शिपाई पदाला बारावी पास लागते. मैदानी ५० गुण, लेखी १०० गुण. असल्या डिप्लोम्याला एक गुणसुद्धा नाही. जाहिरात निघाली की ती आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा, मग कुणाला फी द्या. सरांना फोन लावला तर नंबर बंद.

पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार सगळ्यांसमोर म्हणाले, "पोलीस व्हायला निघालीस आणि अशी फसलीस?" मान वर करता येईना. मग म्हणाले हे सायबरचं, जिल्ह्याला जा. मुलीला काखेत घेऊन दोन एस.टी. बदलून गेले, तिथे म्हणे रक्कम लहान आहे, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे तक्रार क्रमांक मिळाला, त्यापुढे काही नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. परत ठाण्यात गेले तर साधा अर्ज लिहून घेतला, गुन्हा नाही. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. हे मी भरतीच्या अभ्यासातच वाचलंय! ज्या खात्यात जायला मी पहाटे चारला उठते, त्याच खात्याने मला दारातून तीनदा परत पाठवलं.

पैसे गेले की त्याच तासाला १९३० लावा. मी शरमेपायी नऊ दिवस गप्प बसले, तोवर खातं रिकामं झालं होतं. आणि स्क्रीनशॉट ठेवा. मी रागाच्या भरात निम्मे चॅट पुसून टाकले, आता पुरावा मागतात.

सोमवारी पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज देणार आहे, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. काल त्यांची जाहिरात पुन्हा दिसली. अकॅडमीचं नाव बदललंय, सरांचा फोटो तोच आहे, आणि नोंदणी फी अजून ४९९ च.